शेरू जिना का चढत नाही?

मुलांनो, चाकणच्या जनावरांच्या बाजारात कधी गेला आहात का? बैल विकत घेणारा शेतकरी काय करतो, ते एकदा नीट बघा. तो नुसत्या रंगावर नि शिंगांवर भुलत नाही. दात बघतो, खूर बघतो, बैलाला चालवून बघतो. शिवाय "कुठल्या गाईचा?" असंही विचारतो. 'खाण तशी माती' हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आणि कुत्र्याचं पिल्लू घेताना आपण काय करतो? "अय्या, कित्ती गोड!" म्हणतो नि उचलून घरी आणतो!

आमच्या शाळेत चौथीत शिकणाऱ्या एका मुलीकडे असाच शेरू आला. जातीचा जर्मन शेफर्ड, म्हणजेच अल्सेशियन. कारखान्याच्या गेटवर, बंगल्याच्या फाटकाशी हा रुबाबदार कुत्रा तुम्ही पाहिला असेलच. शेरू आठ महिन्यांचा झाला आणि जिना चढेना. पळताना सशासारखे मागचे दोन्ही पाय एकदम उचलू लागला. "आळशी झालाय," घरचे म्हणाले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, शेरू आळशी नव्हता, त्याला दुखत होतं!

या दुखण्याचं नाव हिप डिस्प्लेसिया. नाव अवघड, पण गोष्ट सोपी आहे बरं का. एका हाताची मूठ करा. ती दुसऱ्या हाताच्या पंजात घट्ट धरून फिरवा. आता पंजा सैल करा. मूठ घसरते ना? खुब्याचा सांधा असाच असतो. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या उखळीत बसतं. ते सैल बसलं की हाड हलतं, त्यावरची गुळगुळीत कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात होतो. जन्मतः पिल्लाचा सांधा ठीक दिसतो, सैलपणा वाढीच्या वयात येतो.

हे येतं कुठून? बरंचसं आईवडिलांकडून. मॅक्स फॉन स्टेफानित्स या जर्मन माणसाने १८९९ मध्ये मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांतून ही जात घडवायला सुरुवात केली. एकच जात टिकवायची, तर पुन्हा पुन्हा त्याच घराण्यातल्या जोड्या लावल्या जातात. मग चांगल्या गुणांबरोबर दोषही पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. लॅब्राडॉर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड या मोठ्या जातींतही हा त्रास आढळतो.

यात एक मेख आहे. हा दोष एका जनुकाचा नाही, अनेक जनुकांचा मिळून आहे. म्हणून आईवडील नीट चालत असले तरी पिल्लू दुखणेकरी निघू शकतं. यासाठी आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे बघायचे असतात. अमेरिकेत १९६६ पासून एक संस्था हेच काम करते. कुत्रा दोन वर्षांचा झाल्याशिवाय ती पक्का दाखला देत नाही.

मग सगळं नशिबावरच का? मुळीच नाही! अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून एक प्रयोग झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आला. कमी खाणारे कुत्रे साधारण १३ वर्षं जगले, जास्त खाणारे ११.२ वर्षं. शिवाय कमी खाणाऱ्यांना संधिवात उशिरा झाला. म्हणजे "खा रे बाळा" म्हणत पोळीवर पोळी वाढणं ही माया नव्हे!

शेरूच्या घरी आता गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरल्या आहेत. त्याचं खाणं मोजून देतात, उड्या बंद, रोज सावकाश फिरणं. काही शेजारी म्हणाले, "चाकण रोडला सोडून या." त्या मुलीने साफ नकार दिला. तिचं बरोबरच होतं. जनावराला उपाशी-तहानलेलं राहील असं वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि शेरूने आपले आईबाप थोडेच निवडले होते?

तेव्हा दोस्तांनो, घरी पिल्लू आणायचा हट्ट धरण्याआधी वहीत हे प्रश्न लिहून ठेवा. आईवडील बघायला मिळतील का? त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे आहेत का? पिल्लू आठ आठवड्यांचं झालंय का? (त्याआधी विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे.) आणि शेवटचा प्रश्न आपल्याच घरातल्यांना: उद्या ते आजारी पडलं, तर आपण त्याला सांभाळू ना?

या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यांनी 'हो' म्हटलं, तरच पिल्लाचं नाव शोधायला बसा!