पाहुण्याचा ताप

झिकाचे पुण्यात सहा, कोल्हापुरात एक आणि संगमनेरात एक असे आठ रुग्ण सापडले, तेव्हा कुठे ३ जुलै २०२४ ला दिल्लीहून राज्यांना पत्र निघाले. गरोदर बायांची तपासणी करा, गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवा, रुग्णालयांत डासांसाठी एक अधिकारी नेमा. घरे, शाळा, बांधकामे, कचेऱ्या सगळ्यांची त्यात आठवण झाली. मग जिथे माणूस दोन रात्री राहतो आणि निघून जातो, त्या मालवणजवळच्या देवबागचे काय?

डेंग्यूचा डास चावल्यावर ताप यायला चार ते दहा दिवस लागतात. झिकाचेही साधारण तसेच, आणि झिकाच्या बहुतेकांना तर कळतही नाही. म्हणजे देवबागात चावलेला डास पुण्यात, बेळगावात नाहीतर गोव्यातल्या मोपा विमानतळावरून उडून गेलेल्याच्या युरोपातल्या घरी बोलणार. तिथला डॉक्टर औषध देईल, रुग्ण बरा होईल आणि कर्ली खाडीकाठच्या गावाला पत्ताही लागणार नाही. गावकऱ्यांना कळेल ते त्यांची स्वतःची पोरे फणफणल्यावर.

परदेशी पाहुणा उतरला की घरमालकाला २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म भरावा लागतो. पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, कुठे चालला, सगळे सरकारदरबारी जमा होते. त्याच पाहुण्याला पंधरा दिवसांत ताप आला का, हे विचारणारा मात्र या अवाढव्य यंत्रणेत एकही माणूस नाही. चोर पकडायला चोवीस तास पुरतात, डास पकडायला कागदच नाही!

पाहुण्याचा ताप ही सगळ्यांत आधी येणारी खबर असते. २०१३ मध्ये जपान फिरून गेलेल्या एका जर्मन पर्यटकाला डेंग्यू निघाला. जपानात सुमारे सत्तर वर्षांत स्थानिक डेंग्यू नव्हता, त्यामुळे त्या खबरीवर विश्वास बसणे कठीण होते. पुढच्याच उन्हाळ्यात टोकियोच्या योयोगी उद्यानातून साथ उठली आणि दीडशेहून अधिक लोक आजारी पडले. उलट दिशेचा दाखला आपल्याच देशाचा आहे. २००७ मध्ये केरळातून गेलेल्या एका प्रवाशाबरोबर चिकुनगुनिया इटलीतल्या रॅव्हेन्ना परिसरात पोहोचला आणि दोनशेंवर माणसे त्यात सापडली. परदेशांतल्या प्रवासी-दवाखान्यांचे जिओसेंटिनेल नावाचे जाळे १९९५ पासून नेमकी हीच खबर गोळा करते. आपल्या गावचा ताप परक्या देशातल्या संगणकात नोंदला जातो आणि मालवणच्या ग्रामीण रुग्णालयाला मात्र त्याची वार्ता नसते, ही लाजेची गोष्ट आहे.

बदनामी होईल, धंदा बसेल, असे म्हणणारे आहेत. ती भीती खोटी नाही, पण लपवून कुणाचा धंदा वाचला? अहमदाबादेत जानेवारी २०१७ मध्ये पक्के झालेले झिकाचे निदान लोकांना कळले मे महिन्यात, तेही जागतिक आरोग्य संघटनेच्या निवेदनातून. तेवढे महिने बापूनगरच्या गरोदर बायांना कुणी सावध केले?

आणि तपासायचे झाले की आपल्याला आठवतो तो मजूर. शेजारच्या गोव्यात बांधकामावरच्या मजुराला मलेरियासाठी रक्त देऊन आरोग्य कार्ड घ्यावे लागते. त्याला विरोध नाही. पण डासाला मजूर आणि साहेब यांतला फरक कळतो, हा शोध कुणी लावला? विमानातून उतरणारा ‘पाहुणा’ आणि रेल्वेतून उतरणारा ‘संशयित’, ही आपली आरोग्यनीती.

करायचे ते फार नाही. निवासाच्या वहीत मोबाइल नंबर असतोच. पंधरा दिवसांनी एक फोन किंवा संदेश, ‘ताप आला होता का?’ एवढा एक प्रश्न, आणि होकार आल्यास मालवणच्या रुग्णालयाला कळवणे. पुण्यामुंबईच्या डॉक्टरांनीही डेंग्यूच्या रुग्णाला गेल्या दोन आठवड्यांत कुठे गेला होतात हे विचारावे आणि त्या जिल्ह्याला कळवावे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था नमुना तपासेल. नमुना कुठून आला हे सांगणारा तर हवा!

पावसाळ्यात देवबागातल्या जलक्रीडा बंद असतात. वर ओढलेल्या होड्यांत पावसाचे पाणी साचते, तसेच बाजूला टांगलेल्या टायरांत आणि उन्हाळी पाहुण्यांनी पिऊन टाकलेल्या शहाळ्यांतही. दिवाळीची आगाऊ नोंदणी मात्र सुरू झालेली असते.