परीक्षानळीतील राणी आणि बांधावरील मुंगी

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशम हे तालुक्याचे गाव लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा जुना भातपट्टा आहे. येथील पालैवननादर मंदिराजवळ नायक राजवटीत बांधलेले विटांचे मोठे धान्यकोठार आजही उभे आहे. १९२२ साली सुरू झालेले आडुतुराईचे भात संशोधन केंद्रही याच जिल्ह्यात आहे. या मुलखात सकाळी दारापुढे तांदळाच्या पिठाने कोलम रेखाटतात आणि त्या पिठावर मुंग्यांचाही वाटा आहे असे मानतात. मुंग्यांना पीठ-साखर घालण्याची रीत आपल्याकडेही आहे. मात्र दारात मुंगीला पीठ घालणारे तेच हात शेतात मुंगी दिसताच कीटकनाशकाची भुकटी धुरळतात. दारातील भूतदया आणि शेतातील विष या दोहोंत मुंगीची ओळख करून घेण्याचा प्रयत्न मात्र आढळत नाही.

ही ओळख करून देणारा एक छंद अलीकडे तरुणांत रुजू लागला आहे. पावसानंतर पकडलेल्या राणी मुंगीपासून घरी वसाहत वाढवणे, हा तो छंद. काहींना तो पोरखेळ वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, नीट मर्यादा पाळल्यास विस्तारकार्याला इतके स्वस्त आणि प्रभावी साधन दुसरे मिळणे कठीण आहे. मर्यादा सोडल्यास मात्र हाच छंद शेतीला घातक ठरू शकतो.

छंदाची रीत साधी आहे. पावसानंतरच्या उबदार, दमट हवेत अनेक जातींचे पंख असलेले नर व माद्या वारुळांतून बाहेर पडतात. मीलनानंतर नर मरतात. मादी पंख गाळून जमिनीवर निवारा शोधू लागते. रुंद छातीची, मोठ्या पोटाची ही मादी म्हणजेच भावी राणी. काचेच्या परीक्षानळीत एक तृतीयांश पाणी भरून ते कापसाच्या घट्ट बोळ्याने अडवायचे, पुढच्या मोकळ्या जागेत राणी सोडायची आणि तोंडाशी दुसरा बोळा लावून नळी अंधारात ठेवायची. काळ्या मुंगळ्यासारख्या जातींची राणी या काळात काही खात नाही. निरुपयोगी झालेले उड्डाणाचे स्नायू आणि शरीरातील चरबी यांवर ती स्वतः जगते व पहिल्या अळ्यांनाही पोसते. जात व तापमान यांनुसार साधारण महिना-दोन महिन्यांत पहिल्या, आकाराने लहान कामकरी मुंग्या बाहेर येतात. त्यानंतर साखरपाणी व लहान कीटक द्यावे लागतात. नळी वारंवार उघडून पाहणे हे अपयशाचे नेहमीचे कारण. मीलन न झालेली मादी पकडली असेल, तर तिच्या अंड्यांतून कामकरी मुंग्या निपजतच नाहीत.

मुंग्या घरात ठेवून अभ्यासण्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी काचेच्या दोन तावदानांमध्ये वसाहती ठेवल्या आणि त्यांवर १८८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याकडील एक राणी सुमारे १५ वर्षे जगली. आपल्याकडे मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात येथील मुंग्यांवर लेखन केले.

शेतकऱ्याला या नळीतून काय मिळते? पहिला धडा असा, की राणी कधी बाहेर येत नाही. बाहेर दिसणाऱ्या कामकरी मुंग्या हा वसाहतीचा केवळ एक भाग असतो. वरवर धुरळलेली भुकटी त्यांना मारते. आत राणी अंडी घालत राहते आणि काही आठवड्यांत रांग पुन्हा दिसू लागते. खर्च होतो, जमिनीवरील मित्रकीटक मरतात, वसाहत मात्र टिकते. मुंग्यांचा बंदोबस्त खरोखरच आवश्यक असेल, तर त्या स्वतः उचलून राणीपर्यंत नेतील असे सावकाश परिणाम करणारे आमिषच उपयोगी पडते. शेतीशाळेत हे तासभर सांगूनही पटत नाही. वाढती वसाहत डोळ्यांसमोर असली की पटते.

दुसरा धडा आहाराचा. कामकरी मुंग्या साखरपाण्यावर तुटून पडतात, तर अळ्यांच्या वाढीसाठी कीटकांची शिकार नेतात. मुंगी शेतकऱ्याची मित्र आणि शत्रू अशी दोन्ही का ठरते, याचे उत्तर येथे आहे. द्राक्ष, डाळिंब, पेरू, सीताफळ या पिकांत पिठ्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात व परजीवी आणि परभक्षी कीटकांना हुसकावतात. अशा बागेत मुंग्यांची वाट अडवणे हा व्यवस्थापनाचाच भाग आहे. उलट, झाडावर पाने जोडून घरटी करणारे, कोकणात हुमले म्हणून ओळखले जाणारे लाल मुंगळे काजूवरील ढेकण्याला आवर घालू शकतात. चीनमध्ये इसवी सन ३०४ च्या ग्रंथात संत्रावर्गीय बागांसाठी अशा मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याची नोंद आहे. थायलंडमध्ये त्यांच्या राण्या पकडून वसाहती वाढवण्याचे प्रयोगही झाले आहेत. अर्थात हे मुंगळे खवले किडींनाही पोसतात आणि फळे उतरवणाऱ्या मजुरांना कडकडून चावतात. म्हणून सरसकट शिफारस नको. जात, पीक आणि कीड पाहूनच निर्णय हवा.

आता धोक्याविषयी. दिंडुक्कल हाही तमिळनाडूतीलच जिल्हा. तेथील करंदमलै डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावांत २०२२ साली ‘यलो क्रेझी अँट’ या आक्रमक मुंगीने गुरे आणि माणसे यांना हैराण केले. एक जात बेसुमार वाढली की काय होते, हे त्या गावांनी अनुभवले. दुसरी घटना केनियातील. तेथे २०२५ साली दोन बेल्जियन तरुणांकडे सुमारे ५,००० राणी मुंग्या सापडल्या. कापूस लावलेल्या २,२४४ नळ्यांत भरून त्या देशाबाहेर नेल्या जाणार होत्या. न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंग दंड किंवा बारा महिने कैद अशी शिक्षा सुनावली. छंद बाजारात शिरला की त्याची नळी तस्करीचे साधन होते.

परका कीटक कधीच आणू नये, असे नाही. २००८ साली तमिळनाडूत पपईवरील पिठ्या ढेकूण आढळला. त्याच्या बंदोबस्तासाठी २०१० मध्ये परदेशातून परजीवी कीटक आणले गेले आणि ते यशस्वी ठरले. पण ते आले ते परवान्याने, विलगीकरणातील तपासणीनंतर आणि शासकीय संस्थांच्या देखरेखीखाली. टपालाने आलेल्या डबीतील राणीला ही चाळणी लागत नाही. विदेशी मुंगी परवान्याविना मागवणे बेकायदा आहेच. पण पुण्याची राणी पापनाशमला किंवा तेथील राणी सांगलीला पाठवणेही शहाणपणाचे नाही.

म्हणून या छंदासाठी चार पथ्ये सुचवावीशी वाटतात. राणी आपल्याच शिवारातील असावी. एका हंगामात एक-दोनच राण्या घ्याव्यात. खरेदी-विक्री करू नये. आणि वसाहत सांभाळणे अशक्य झाल्यास ती जेथून घेतली तेथेच सोडावी. जातीविषयी शंका असल्यास सोडण्यापूर्वी कीटकशास्त्रज्ञाला दाखवावी.

कृषी विज्ञान केंद्रांनी आणि शेतीशाळांनी येत्या पावसाळ्यात अशी एकेक वसाहत वाढवून पाहावी. सोबत एक वही ठेवावी: राणी केव्हा सापडली, त्याआधी पाऊस केव्हा झाला, पहिली कामकरी मुंगी केव्हा दिसली. महाराष्ट्रातील नोंदी जूनभोवती जमतील. पापनाशमकडे मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो, त्यामुळे तेथील नोंदी वेगळ्या असू शकतील. आपल्या बांधावर कोणती मुंगी आहे आणि ती काय करते, हे त्या वहीतून कळेल. भुकटीचा डबा उघडावा की मिटावा, हे त्यानंतर ठरवावे.