मेकॅनिकलला जायचंय? कॉलेज सुरू होण्याआधीचे आठवडे कशात घालवावेत

नागपूर-भंडारा रस्त्यावर मौद्याजवळ एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या दुरूनच दिसतात. ५०० मेगावॅटचे दोन आणि ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण २,३२० मेगावॅट. बॉयलर, टर्बाइन, पंप, पंखे, कोळसा वाहणारे पट्टे. मेकॅनिकलचा निम्मा अभ्यासक्रम इथे रोज फिरत असतो. पण शेजारी प्रकल्प आहे म्हणून गावातल्या इंजिनिअरची नोकरी पक्की, असं नाही. एनटीपीसी प्रशिक्षणार्थी अभियंते देशभरातून, ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर निवडते.

त्याआधी पहिलं वर्ष पार पाडायचं असतं.

सीईटीची सवय इथे का चालत नाही?

एमएचटी-सीईटीत १५० प्रश्न, १८० मिनिटं, चारातला एक पर्याय, चुकलं तरी गुण कापत नाहीत. तिथे वेग कामाला येतो. इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये भिंतीला टेकवलेली शिडी घसरेल का, हे सांगायला आधी शिडीवरचं प्रत्येक बल बाणाने दाखवावं लागतं. एक बाण राहिला की पुढची आकडेमोड वाया.

म्हणून प्रवेशफेऱ्या चालू असताना महागडा क्रॅश कोर्स लावण्यापेक्षा अकरावीचं भौतिकशास्त्र पुन्हा काढलेलं बरं. सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्केच, त्यामुळे ते पुस्तक मागे पडलेलं असतं. सदिश, गतीचे नियम आणि घर्षण मात्र त्यातच आहेत.

दुसरी अडचण ड्रॉइंगची. घरातली नळाची तोटी किंवा सायकलचं पेडल समोरून, वरून आणि बाजूने कागदावर काढून पाहावं. संगणक असेलच, तर ‘फ्रीकॅड’ फुकट मिळतं. त्यासाठी घाईने लॅपटॉप घेण्याची गरज नाही.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्यांनी एक वही करावी: बल म्हणजे फोर्स, घर्षण म्हणजे फ्रिक्शन, आघूर्ण म्हणजे मोमेंट. समजलेली गोष्टही शब्द अनोळखी असल्याने वर्गात निसटते.

आणि एक प्रश्न मौद्यातलाच. ६६० मेगावॅटचे संच ‘सुपरक्रिटिकल’ आहेत. सुमारे २२१ बार दाबाच्या वर पाणी उकळतच नाही, बुडबुडे न येता थेट वाफेसारखं होतं. मग वाफ वेगळी करणारा ड्रम लागत नाही आणि तेवढ्याच विजेला कोळसा कमी लागतो. असं का, हे थर्मोडायनॅमिक्समध्ये कळतं. ते दुसऱ्या वर्षी. ‘गेट’च्या मेकॅनिकल अभ्यासक्रमात मात्र गणितानंतर लगेच येतात ते शिडीवरचे बाणच.