पऱ्हाटी पेटवायची अन् खताची पिशवी उधारीवर आणायची, हे कुठलं शहाणपण?



काल संध्याकाळी मोटर बंद करायला विहिरीवर गेलो, तर तीन बाजूंनी धूर. फरदड संपली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, अन् बांधावर ढीग लावून काडी लावली. आज सकाळी त्यातल्याच एका भावाच्या दारात सेंद्रिय खताच्या ४० पिशव्या उतरल्या. उधारीवर. पिशवीवर हिरवंगार झाड अन् "जमिनीचा कर्ब वाढवा". म्हणलं, भाऊ, काल जाळला तो काय होता? तो हसला. मला काही हसू आलं नाही, म्हणून आज जरा कडू लिहितो.

दहावीपर्यंतचंच गणित आहे, संगं करून बघा.

एक एकर रानाची वरची वीतभर माती साधारण ९ लाख किलो भरते. तिचा कर्ब नुसता ०.१ टक्का वाढवायचा तर ९०० किलो कर्ब पाहिजे. गांडूळखताला कायद्यानं निदान १८ टक्के सेंद्रिय कर्ब लागतो, म्हणजे ५० किलोच्या पिशवीत ९ किलो. आपला भाऊ एकरी ४ पिशव्या टाकणार, झाले ३६ किलो. ९०० कुठं अन् ३६ कुठं? पिशवीचे ५०० रुपये धरले तरी २० हजार गेले. वर २५ टक्क्यांपर्यंत ओलावा कायद्यानंच चालतो. म्हणजे पिशवीमागं साडेबारा किलोपर्यंत पाणीच आपण भाड्यानं गावात आणतो.

आता पेटवलेलं मोजा. एकरी साधारण एक टन पऱ्हाटी निघते, त्यात ४०० किलोच्या आसपास कर्ब. कुजताना निम्म्याहून जास्त हवेत जातो हे मान्य. तरी दीडशे किलो मातीत राहील. चार पिशव्यांच्या चौपट माल आपण एका काडीत संपवला.

कोणी म्हणेल, पिशवी नत्रासाठी आणतो. गांडूळखतात नत्र निदान १ टक्का, म्हणजे पिशवीत अर्धा किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर असतो. मी युरियाचा वैरी नाही, मीबी टाकतो. पण नत्र पाहिजे तर नत्र म्हणून घ्या, अन् माती सुधरायची तर माल टनानं लागतो. तो पिशवीत परवडत नाही. तो आपल्याच बांधावर पडलेला असतो.

हे शहाणपण आजचं नाही. होळकरांच्या इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या साहेबानं यशवंत वाड यांना सोबत घेऊन हेच काम केलं. संस्था कापसाच्या संशोधनाची, म्हणून कचराबी आपल्यासारखाच, पऱ्हाट्या अन् तुराट्या. लाकडासारखा कडक माल कुजवायचा कसा? त्यांनी तो फार्मच्या रस्त्यावर पसरला. गाड्या अन् जनावरांच्या पायांखाली भुगा झाला की उचलून शेण, माती, पाण्यासंगं थर लावले. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीवर जमलं, आज दारात ट्रॅक्टर असून आपल्याला जमत नाही?

माझ्याकडं बोट दाखवणारे आहेत, त्यांचं एकेक घेतो.

"नाही जाळलं तर गुलाबी बोंडअळी राहते." खरं आहे. २०१७ साली तिनं काय केलं ते मी विसरलो नाही. बांधावर पऱ्हाटी तशीच रचून ठेवणं चूकच. पण बारीक कुट्टी केली अन् ढीग नीट तापला, की बोंडातली अळी त्यात जगत नाही. ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापतो, हात घालून बघा.

"जनावरं राहिली नाहीत, शेण कुठून आणू?" विदर्भातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी याच अडचणीवर पद्धत काढली, त्यांच्याच नावावरून तिला नाडेप म्हणतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भोकं ठेवून रचलेल्या विटांचं टाकं. त्यात दीड टनाच्या आसपास काडीकचरा, पावणेदोन टन माती अन् शेण फक्त १०० किलो. वरून शेणमातीनं लिंपायचं. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. पऱ्हाटी जाड राहिली तर महिना-दीड महिना जास्त. दोन जनावरांच्या आठवडाभराच्या शेणात टाकं भरतं.

"उन्हाळ्यात पाणी कुठं आहे?" नसेल तर आता नुसती कुट्टी करून ठेवा, टाकं जूनच्या पावसावर भरा.

"चुलीला काय घालू?" घरच्या बाईला लागते तेवढी खुशाल ठेवा. माझं भांडण चुलीतल्या जाळाशी नाही, बांधावरच्या जाळाशी आहे.

आता माझी चूक सांगतो, नाहीतर म्हणाल लई शहाणा आहे. सहा वर्षांपूर्वी स्वस्त मिळालं म्हणून कच्चं कोंबडखत आणलं अन् मोसंबीच्या आळ्यात तसंच भरलं. दहा दिवसांत पानं पिवळी, मुळ्या भाजल्या, आंबे बहाराची फळं गळाली. पुढच्या साली कच्च्या शेणातून हुमणी आली ती वेगळीच. तेव्हा कळलं, सेंद्रिय म्हणजे खत नव्हे, कुजलेलं ते खत.

घरचं असो का विकतचं, मी आता असं तपासतो. मूठभर खत ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधायचं अन् चार दिवस सावलीत ठेवायचं. सोडल्यावर पहिल्या पावसासारखा वास आला तर टाका. घाण वास आला तर कच्चं आहे. दुसरं, त्यात मुगाचे दहा दाणे टोचायचे. आठ-नऊ उगवले तर ठीक, निम्मेच आले तर अजून थांबा. शहराच्या कचऱ्याचं खत घेत असाल तर काच-प्लास्टिक बघा अन् शिसं-कॅडमियमचा तपासणी अहवाल मागा. देत नसेल तर गाडी माघारी पाठवा.

हे सगळं मी कामून सांगतोय? २०१२-१३च्या दुष्काळात आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या. माझी ३०० झाडं होती. टँकर घालून ११० वाचली. त्यात जुन्या उकिरड्याच्या जागेवरच्या दोन ओळी पूर्ण वाचल्या. तिथं एका टँकरची ओल चार दिवस टिकायची, बाकी बागेत दोन दिवसांत माती फाटायची. पाणी तेच, झाडं त्याच वयाची. फरक वडलांनी वर्षानुवर्षं तिथं टाकलेल्या काडीकचऱ्याचा होता. १९० झाडं मी माझ्या हातानं तोडली, म्हणून धूर दिसला की जीव जळतो.

दुष्काळ परत येणार नाही असं कोणी लिहून देणार आहे का? सगळी नका ठेवू, यंदा एका एकराची पऱ्हाटी ठेवा. एक टाकं भरा. झाडाला ४०-५० किलो खत धरलं तर ६० झाडं त्यात निघतात. पुढच्या साली पिशवीवाला दारात आला, की त्याला टाक्यापाशी नेऊन उभा करा.

माझं टाकं परवा भरतोय. यायचं त्यांनी यावं, चहा माझ्याकडं. अन् काडीपेटी घरीच ठेवून या.