अंगावर काढायला लावणारे आपण

शंभर गर्भधारणांमागे एक ते दोन वेळा गर्भ गर्भाशयाबाहेर रुजतो. त्यांतल्या दहांपैकी नऊहून अधिक गर्भ बीजवाहक नळीत अडकलेले असतात. तो गर्भ जगत नाही, बाई मात्र वाचू शकते. नळी फुटल्यावरही शस्त्रक्रियेने रुग्णाला वाचवता येते, हे बर्मिंगहॅमचे शल्यचिकित्सक लॉसन टेट यांनी १८८३ सालीच दाखवून दिले. आज तर लवकर निदान झाले, की अनेकदा नुसत्या इंजेक्शनवर भागते. तरी बायका दगावतात त्या उशीर झाल्यामुळे, आणि तो उशीर आपण करतो.

धोका वाढतो तो मुख्यतः नळीला इजा झाल्याने. क्लॅमिडिया, गोनोरियासारखे लैंगिक संसर्ग आणि जननेंद्रियांचा क्षय नळी आतून खराब करतात. आधी एकदा नळीत गर्भ राहिला असेल, ओटीपोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, वय पस्तिशीपुढे गेले असेल, बाई धूम्रपान करत असेल, तरी धोका वाढतो. आणि जवळपास निम्म्या बायकांत यांतले एकही कारण सापडत नाही. म्हणून ‘हिला कसे झाले?’ असे विचारत तिचे चारित्र्य तपासायला निघालेल्यांनी गप्प बसावे.

संसर्ग कित्येकदा नवऱ्याकडून येतो. पण तपासणीला तो जात नाही. बायकोने अंगावरून पांढरे जाते म्हणून सांगितले, तर घरातली वडीलधारी बाईच म्हणते, “बायकांचं असायचंच, काढ अंगावर.” र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून गुप्तरोगांविषयी उघड लिहीत होते. त्यांना आपण अश्लील ठरवून कोर्टात खेचले. गुप्तरोगांविषयीचे ते मौन आजही आपल्या घरात नांदते आहे.

कुटुंबनियोजनाचे ओझेही तिच्याच पोटावर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रिया नसबंदीवर विसंबलेल्या दिसतात. पुरुष नसबंदी अर्धा टक्काही नाही. बाईचे ऑपरेशन क्वचितच फसते, पण फसले तर राहिलेल्या गर्भांपैकी जवळपास तिसरा हिस्सा नळीतला असतो. अशा बाईची पाळी चुकली, की तिला आधी दवाखान्यात न्यायला हवे. आपण तिच्याकडे संशयाने पाहतो, म्हणून ती बोलतच नाही.

कुणी चोरून मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणते. त्या गोळ्यांनी नळीतला गर्भ पडत नाही. अंगावरून रक्त जाते, सुटलो असे वाटते, आणि आत नळी ताणली जात राहते. पुढे ओटीपोटात एका बाजूला कळ येते, चक्कर येते. पोटात साठलेले रक्त श्वासपटलाला लागले, की खांद्याचे टोक दुखते. घरचे म्हणतात, वजन उचलले असेल.

पाळी चुकून पोटात दुखत असेल किंवा डाग दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. लग्न झाले आहे का, ऑपरेशन झाले आहे का, मूल कुणाचे, यांपैकी एकाही प्रश्नासाठी तिला दारात थांबवू नये. संसर्गाचा उपचार नवरा-बायको दोघांनी घ्यावा. गर्भपाताच्या गोळ्या तपासणीनंतरच घ्याव्यात. यात न परवडणारे किंवा न समजणारे काय आहे? अडते ते आपल्या लाजेपाशी. बाईच्या जिवापेक्षा स्वतःची लाज मोठी मानणाऱ्या समाजाने स्वतःला सुसंस्कृत म्हणवून घेऊ नये.