ओ शुक शुक... पाणी आण!

खंडाळा म्हटलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लोणावळ्याचं का रे?" नाही बाबांनो! ते चिक्कीच्या शेजारचं, गाण्यातलं खंडाळा वेगळं. आमचं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं. पुण्याहून निघालात की सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडायची, शिरवळ मागे टाकायचं आणि खंबाटकी घाट चढायच्या आधी जे गाव लागतं ते आमचं. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव आमच्याच तालुक्यात आहे, पण ते फार थोड्यांना माहीत असतं. लोकांच्या लक्षात राहतात ते हायवेवरचे ढाबे. त्यातलाच एक, अगदी लहान, बारा टेबलांचा, माझ्या वडिलांचा आहे.

ही गोष्ट मी तीन वर्षं वर्गात कुणाला सांगितली नव्हती. लाज वगैरे काही नाही हो... बरं, खरं सांगायचं तर थोडी होतीच. आज सांगतोय, कारण गेल्या वर्षी जे घडलं ते मनातून जात नाही.

सहाव्या सेमिस्टरला आपली इंडस्ट्रियल व्हिजिट शिरवळच्या एमआयडीसीत गेली होती. परतताना दुपारचे अडीच वाजले. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. ड्रायव्हरने गाडी वळवली ती नेमकी आमच्याच ढाब्यावर! बावन्न पोरं एकदम उतरली. मी सगळ्यात मागे. काय करावं सुचेना. आप्पा खांद्यावर फडकं टाकून पाण्याचे जग भरत होते. त्यांनी मला पाहिलं, मीही त्यांना पाहिलं. मी काहीच बोललो नाही. ते काय समजायचं ते समजले. सरळ आमच्या टेबलापाशी आले आणि मला म्हणाले, "काय आणू साहेब?"

मी म्हणालो, "एक अख्खा मसूर, दोन भाकरी."

पुढचा तासभर मी जे ऐकलं ते तुम्हीही ऐकलं असेल, किंबहुना आपणच ते बोलत होतो. "ओ शुक शुक!" "ए अंकल, किती वेळ?" "फुकट खातोय का आम्ही?" कुणी टेबलावर चमचा वाजवला. कुणी भाकरी गार म्हणून परत पाठवली. ती गार झाली होती, कारण साहेब तेव्हा बाहेर फोटो काढत होते. आणि आठ दिवसांनी ढाब्याच्या नावापुढे मोबाईलवर एक स्टार आला. ‘सर्व्हिस एकदम स्लो, मालकाला मॅनर्स नाहीत.’ आप्पांना स्मार्टफोनवरचं फारसं वाचता येत नाही. मी सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांनी फोन पुढे केला, "काय लिवलंय रं त्यात? वाच की."

मी वाचलं. पण ‘मॅनर्स’चा अर्थ सांगितला नाही.

आता तुम्ही म्हणाल, याच्या बापाचा ढाबा म्हणून हा वकिली करतोय. तर तसं नाही. आपण इंजिनीअर होणार आहोत, त्यामुळे गणितच मांडू. भटारखान्यात भाकरीचे तवे दोन. एका भाकरीला, थापण्यापासून फुगेपर्यंत, दोन मिनिटं धरा. म्हणजे मिनिटाला एक भाकरी. बावन्न जण गुणिले दोन, झाल्या एकशे चार भाकरी. शेवटच्या माणसाला त्याची दुसरी भाकरी एकशे चार मिनिटांनी मिळणार! वाढपी दहा ठेवले तरी हा आकडा बदलत नाही, कारण अडलंय ते तव्यावर. यालाच आपण बॉटलनेक म्हणतो आणि पेपरात दहा मार्कांना सोडवतो. पण भूक लागली की तोच बॉटलनेक आपल्याला वेटरचा आळस वाटायला लागतो. त्यात खंबाटकीचा घाट. शनिवार-रविवारी घाटात गाड्या अडकल्या की गिऱ्हाईक एकेक करून येत नाही, लोंढाच येतो. मधल्या वारी तवा थंड, आणि रविवारी बसायला जागा नाही.

मग गिऱ्हाइकाने काही मागायचंच नाही का? जरूर मागावं! उलट माझं म्हणणं आहे की आपण जे मागायला पाहिजे ते मागत नाही आणि जे मागू नये त्यासाठी भांडतो.

काय मागावं? पहिलं म्हणजे बिल. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा नोंदणी किंवा परवाना क्रमांक छापणं बंधनकारक आहे. जेवण बाधलं तर तक्रार करायला तो उपयोगी पडतो. आपल्यापैकी किती जण तो बघतात? दुसरं, जीएसटी. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर तो ५ टक्के आहे. आणि लहान ढाबेवाला कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. त्याने बिलात तो लावला असेल तर खुशाल विचारा. तिसरं, सर्व्हिस चार्ज. शहरातल्या एसी हॉटेलात आपण एसीच्या गारव्यात गपचूप दहा टक्के देऊन येतो. खरं तर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं की हा चार्ज आपोआप बिलात घालता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवायचं. आता गंमत बघा. जिथे मेनूकार्ड इंग्रजीत असतं तिथे आपण एक शब्द बोलत नाही, आणि ढाब्यावर जादा कांद्याचे दहा रुपये लावले की आवाज चढतो!

पाण्याच्या बाटलीचंही तसंच. एमआरपीवरून ढाब्यावर भांडणारे खूप आहेत. पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटना छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला मुभा दिली, कारण तिथे आपण नुसती बाटली नाही तर बसायची जागा आणि सेवाही घेतो. तेव्हा बाटली फोडायच्या आधी भाव विचारणं हेच शहाणपणाचं. आमच्याकडे जगमधलं पाणी फुकट आहे, आणि तेच आम्ही घरीही पितो.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ‘छोटू’ पाणी घेऊन आला तर त्याचं वय विचारा. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यावर कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. कायदा होऊन इतकी वर्षं झाली तरी हायवेवर अधूनमधून एखादा बारक्या कप विसळताना दिसतोच. आपण त्याच्याशी हसतो, टिप देतो आणि गाडीत बसतो. स्लो सर्व्हिसला एक स्टार देणारे आपण, यावर मात्र एक ओळ लिहीत नाही.

आता आमच्या बाजूच्या चुकाही सांगतो, नाहीतर हे एकतर्फी होईल. आमचं बायकांचं स्वच्छतागृह बरीच वर्षं वाईट होतं. आतून कडी नव्हती, पाण्याचा ड्रम बाहेर. व्हिजिटच्या दिवशी वर्गातल्या मुली तिथे जाऊन तशाच परतल्या, हे मी पाहिलं. त्याबद्दल एक स्टार आला असता तर मी मान खाली घालून मान्य केला असता. घरी त्यावरून आप्पांशी माझा वाद झाला. ते म्हणाले, "धंदा जेवणाचा हाय का त्याचा?" मी म्हणालो, "बाई माणसानं गाडीतून उतरायचंच टाळलं तर जेवणार कोण?" दिवाळीनंतर नवं बांधलं, कडीसकट.

दुसरी चूक म्हणजे ‘पाच मिनिटांत येतंय’ हे वाक्य. सगळ्या ढाब्यांचं हे राष्ट्रगीतच आहे. वीस मिनिटं लागणार असतील तर वीस सांगावीत. माणूस थांबतो, नाहीतर शेजारी जातो, पण चिडत नाही. आता आमच्या गल्ल्याशेजारी पाटी आहे. ‘भाकरी तव्यावरची मिळेल. गर्दीत अर्धा तास लागेल. घाई असल्यास चपाती घ्या.’ अक्षर माझं, मजकूर आप्पांचा.

आणि टिपबद्दल एक. पूर्वी पन्नासाची नोट मोडून उरलेले पाच-दहा रुपये बडीशेपेच्या ताटलीत राहायचे आणि रात्री ते वाढप्यांत वाटले जायचे. आता सगळे स्कॅन करून नेमके पैसे भरतात. कुणाचा दोष नाही, पण ताटली रिकामी राहते. टिप दिलीच पाहिजे असं मी म्हणत नाही. पगार देणं हे मालकाचंच काम आहे. पण पाच रुपये वाचले तेव्हा निदान ‘शुक शुक’ तरी वाचवा!

आपण जेवणाचे पैसे देतो, त्यात चांगलं जेवण, स्वच्छता, खरा भाव आणि खरी वेळ येते. समोरच्याने हात बांधून उभं राहणं त्यात येत नाही. उद्या कंपनीत लागल्यावर एखादा क्लायंट आपल्याकडेही असाच चमचा वाजवेल, तेव्हा हे आपोआप समजेलच. आत्ता समजलं तर बरं, एवढंच.

बाकी तो एक स्टार अजून तिथेच आहे. कुणी दिला ते मला माहीत आहे. माझा चांगला मित्र आहे तो, आणि त्याच्यावर माझा राग नाही. त्याला कुठे माहीत होतं? माहीत असणाऱ्याने तोंड उघडलं नाही, चूक त्याची जास्त.

यंदा ज्युनिअर्सची व्हिजिट पुन्हा शिरवळलाच आहे असं ऐकतो. कंपनीतून निघतानाच फोन करा, माणसं किती ते सांगा, तवे आधीच पेटवून ठेवतील. मीही येणार आहे. आणि खांद्यावर फडकं टाकलेला माणूस पाणी घेऊन आला, की सगळ्यांसमोर त्याला आप्पा म्हणणार आहे.