संभाषणांची जपणूक

या सदरांत आजवर साठवणीचीं कडधान्यें, जुनीं भांडीं, घरखर्चाच्या वह्या अशा अनेक गोष्टींच्या जपणुकीविषयीं लिहिण्याचा योग आला. आज ज्या वस्तूविषयीं लिहावयाचें आहे, ती प्रत्येक वाचकाच्या हातांत दिवसभर असते; आणि तरीहि ती जपावयाची वस्तु आहे, असें आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या मनांत येतें. मोबाइलवरून आपण एकमेकांना जे निरोप धाडतों आणि ज्या गप्पा करतों, त्यांच्याविषयीं मी बोलत आहें. हा विषय आजच काढण्यास एक घरगुती कारण घडलें. त्यांतला दोष आमचाच आहे, म्हणून संकोच वाटत असूनहि तें आधीं सांगतें.

आमच्या सासूबाई गेल्या मार्गशीर्षांत, वयाच्या ८७ व्या वर्षीं, निवर्तल्या. त्यांची दृष्टि अधू झाली होती. मोबाइलवर अक्षरें जुळविणें त्यांना कधींच साधलें नाहीं. परंतु व्हॉट्सॲपवर बोट दाबून धरून बोललें कीं तें पलीकडे जसेंच्या तसें पोंचतें, हें त्यांच्या नातवानें, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या मुलानें, कॅनडास जाण्यापूर्वीं त्यांना शिकविलें होतें. तेव्हांपासून रोज दिवेलागणीनंतर त्या खिडकीशीं बसत आणि त्याच्याशीं बोलत. आज तिथि कोणती, मेतकुटांत डाळींचें प्रमाण काय, वाल किती वेळ भिजवावे, त्याच्या पणजोबांनीं गांवचें घर कां विकलें, असें सारें त्यांत येई. “आजी, तूं सावकाश बोल, मी रात्रीं ऐकेन,” असें त्यानें सांगून ठेवलें होतें. आणि त्या खरोखरच सावकाश बोलत. हा क्रम चार वर्षें चालला.

त्या गेल्यावर तेरा दिवसांच्या गडबडींत त्यांचा मोबाइल देवघराशेजारच्या फळीवर पडून राहिला. चौदाव्या दिवशीं माझ्या मुलानें तो चार्जिंगला लावला, तर तो चालू होईना. दुरुस्तीच्या दुकानांत नेला. दोन दिवसांनीं तो चालू होऊन परत आला, पण आंतलें सारें पुसून. “बॅकअप असेलच कीं,” असें दुकानदार सहज म्हणाला, आणि आम्हांसहि तसेंच वाटत होतें. नंबर तोच असल्यामुळें व्हॉट्सॲप पुन्हां सुरू झालें. जुनीं संभाषणें परत आणावयाचीं काय, असें त्यानें विचारलें. आम्हीं मोठ्या आशेनें होकार दिला. निरोप परत आले खरे, पण त्यांतला शेवटचा निरोप चैत्रांतला होता. पुढचे आठ महिने कोरे!

असें कां झालें, याचा शोध घेतां जें कळलें तें प्रत्येक कुटुंबानें समजून घेण्याजोगें आहे. व्हॉट्सॲपवरचा निरोप एकदां पोंचला, कीं कंपनी तो आपल्यापाशीं ठेवून घेत नाहीं. तो पाठविणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या मोबाइलमध्यें राहतो. २०१६ सालापासून हे निरोप वाटेंत कुलूपबंद असतात, म्हणजे त्या दोघांखेरीज ते दुसऱ्या कोणास वाचतां येत नाहींत. सोय मोठी चांगली आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा, कीं आपला मोबाइल बिघडला तर कंपनीच्या दारीं जाऊन आपलीं संभाषणें मागतां येत नाहींत. ॲन्ड्रॉइड मोबाइलवर रोज रात्रीं दोन वाजतां संभाषणांची एक प्रत आपोआप निघते. परंतु ती त्याच मोबाइलच्या पोटांत असते, आणि मोबाइल गेला कीं तीहि जाते. म्हणून दुसरी प्रत बाहेर ठेवावी लागते. ॲन्ड्रॉइडवाल्यांची गूगलच्या खात्यांत आणि आयफोनवाल्यांची आयक्लाउडमध्यें. पूर्वीं कांहीं वर्षें गूगलच्या खात्यांत या प्रतीची जागा हिशेबांत धरीत नसत. २०२४ पासून ती खात्यावर फुकट मिळणाऱ्या १५ जीबी जागेंतच मोजली जाऊं लागली. आणि त्याच जागेंत ई-मेलहि असतें व छायाचित्रेंहि असतात. सासूबाईंचें खातें लग्नामुंजींच्या छायाचित्रांनीं भरून गेलें, आणि चैत्रापासून प्रत निघणें बंद पडलें.

तशी सूचना मोबाइलवर येत होती. ती इंग्रजींत असे. सासूबाईंनीं एकदां मोबाइल माझ्यापुढें धरून विचारलेलें मला स्पष्ट आठवतें, “हें काय गं आलंय?” मी कणीक मळत होतें. न वाचतांच मी म्हटलें, “कांहीं नाहीं, पुसून टाका.”

आतां उरलेल्या आठ महिन्यांचें काय? निरोपाला दोन घरें असतात, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. एका घरचा गेला तरी दुसऱ्या घरीं असूं शकतो. आम्हीं पुतण्यास कळविलें. त्याचें उत्तर आलें, कीं भाद्रपदांत त्यानें आपला ॲन्ड्रॉइड मोबाइल विकून आयफोन घेतला. आणि गूगलच्या खात्यांतली व्हॉट्सॲपची प्रत आयफोनवर उतरवितां येत नाहीं, हें त्याला विकल्यानंतर कळलें. एका जातीच्या मोबाइलवरून दुसऱ्या जातीच्या मोबाइलवर जावयाचें तर जुनें यंत्र हातचें सोडण्यापूर्वीं, नवें यंत्र मांडीत असतांनाच, दोन्ही शेजारीं ठेवून संभाषणें सरकवावीं लागतात. त्यामुळें त्याच्यापाशीं भाद्रपदापासूनचेच निरोप होते. आमच्याकडे चैत्रापर्यंतचे, त्याच्याकडे भाद्रपदानंतरचे. मधले पांच महिने दोन्ही घरांतून गेले. लग्नानंतर मॅट्रिकची परीक्षा कशी राहिली, याची हकीगत सासूबाईंनीं आषाढांत एका सायंकाळीं त्याला सांगितली होती. शेजारच्या खोलींत मी तिचे दोनचार शब्द ऐकले, आणि पुढें निवांतपणें विचारूं म्हणून कामाला लागलें. तें विचारणें राहूनच गेलें. पुतण्याला ती अर्धीमुर्धी आठवते. पण त्यांच्या तोंडची ती हकीगत आतां कोठेंहि नाहीं.

यानंतर जो प्रश्न उपस्थित झाला, तो यंत्राचा नव्हता. पुतण्यानें आपल्याकडचे निरोप आमच्याकडे पाठविले, आणि सोबत मला लिहिलें, “काकू, यांतले कांहीं निरोप मी दिलेले नाहींत. ते आजी माझ्याशीं बोलली आहे, घराशीं नव्हे. तुमच्याकडे परत आलेले निरोपहि आधीं मला ऐकूं द्या.” हें वाचून घरांत वाद झाला. यजमान व भाऊजी दोघेहि दुखावले. आईचा आवाज मुलांनीं ऐकावयाचा नाहीं, हा कोठला न्याय, असें त्यांचें म्हणणें. आणि तें मला अगदींच चूक वाटलें नाहीं. परंतु मामंजी हयात होते त्या वेळचा आमच्या घरचा शिरस्ता मला आठवला. तेव्हां घरांत माणसें चौदा. टपाल ओसरीवर येऊन पडे. पण ज्याच्या नांवचें पत्र असेल त्यानेंच तें फोडावें, वडीलमाणसानेंहि दुसऱ्याचें पत्र फोडूं नये, हा दंडक स्वतः मामंजींनीं कधीं मोडला नाहीं. मोबाइलवरचा निरोप हेंहि एक पत्रच. मी तसें बोलून दाखविलें. त्या निरोपांत माझ्याविषयींहि कांहीं असेल, आणि तें ऐकण्याची मला फार इच्छा आहे, हें मात्र मी बोलून दाखविलें नाहीं. अखेर पुतण्याचें म्हणणें सर्वांनीं मान्य केलें. त्यानें सारे निरोप ऐकून आमच्यासाठीं जे वेगळे काढले, ते घरांत सर्वांसाठीं ठेवले. राहिलेले आम्हीं आमच्याकडून पुसले, आणि ते त्याच्यापाशीं आहेत.

या सर्व प्रकारानंतर माळ्यावरची एक जुनी पेटी खालीं काढली. तींत सासूबाईंच्या आजोबांचीं मोडी लिपींतलीं पत्रें आहेत. कोणीहि त्यांची निगा राखलेली नाहीं. केवळ विसरलीं गेलीं म्हणून तीं राहिलीं. महाराष्ट्राचा पुष्कळसा इतिहास असाच वांचला आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या काळांतील त्यांतलीं पत्रें जुन्या दप्तरांत दीडशें वर्षांच्या आसपास नुसतीं पडून होतीं. कागदाला वाळवी लागते, पूरहि नेतो; १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां पुण्यांत नदीकांठच्या पेठांतून कितीतरी घरांतले कागद गेले. तथापि दैव अनुकूल असेल तर कागद दुर्लक्षांतहि टिकतो. मोबाइलमधील संभाषणाचें तसें नाहीं. त्याच्याकडे कोणीतरी अधूनमधून मुद्दाम पाहावें लागतें. न पाहिलें तर तें नाहींसें होतें. जुन्या पेटींत आणि नव्या संभाषणांत मुख्य भेद आहे तो हाच.

म्हणून प्रत्येक घरानें पुढील व्यवस्था करावी, असें सुचवावेंसें वाटतें. महिन्याच्या पहिल्या तारखेस खर्चाची बेरीज मांडतांना घरांतील प्रत्येक मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्यें चॅट बॅकअप उघडून पाहावें. शेवटची प्रत कोणत्या दिवशीं निघाली, हें तेथें लिहिलेलें असतें. ती तारीख जुनी असेल तर जागा भरली आहे कीं काय, तें तपासावें. वृद्ध माणसांचा मोबाइल प्रथम पाहावा, आणि तो त्यांना विचारून, त्यांच्या देखत पाहावा.

या प्रतीला आपलें स्वतःचें कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे. त्याकरितां पासवर्ड ठरवितां येतो, किंवा ६४ अंकाक्षरांची किल्ली घेऊन ती जपतां येते. मोबाइलहि गेला आणि किल्लीहि हरवली, तर ती प्रत कंपनीलासुद्धां उघडून देतां येत नाहीं. आमच्या पेटींतलीं मोडी पत्रें आज घरांत कोणास वाचतां येत नाहींत; पण मोडी शिकणारा कोणी उद्यां निघेल आणि तो तीं वाचील. हरवलेली किल्ली मात्र शिकून येत नाहीं. तेव्हां ती कागदावर स्वच्छ लिहून विम्याच्या व बँकेच्या कागदांबरोबर ठेवावी, आणि ती कोठें आहे हें घरांतील आणखी एका विश्वासाच्या माणसास सांगून ठेवावें.

जीं संभाषणें खरोखर मोलाचीं, तीं एवढ्यावरहि सोडूं नयेत. एकेका व्यक्तीचें संभाषण एक्सपोर्ट करण्याची सोय असते. त्यांतून मजकुराची साधी फाइल निघते, व हवें तर आवाज आणि छायाचित्रेंहि बरोबर घेतां येतात. एका वेळीं किती निरोप निघतात याला मर्यादा असल्यामुळें हें काम अधूनमधून करीत राहावें. त्या फाइलीं एकदां संगणकावर व एकदां पेन ड्राइव्हवर घ्याव्या, आणि पेन ड्राइव्ह दुसऱ्या घरीं, लेकीकडे किंवा भावाकडे, ठेवावा. म्हणजे एका घरावर आलेल्या संकटांत दोन्ही प्रती जाणार नाहींत. आवाजाच्या फाइलींना नांव, तारीख आणि विषय द्यावा. नुसत्या आंकड्यांच्या नांवाच्या दोनशें फाइलींतून मेतकुटाचें प्रमाण शोधणें किती कठीण, हें मी अनुभवानें सांगतें.

सारेंच ठेवण्याचा हव्यास मात्र नको. रोज सकाळीं येणारीं फुलांचीं चित्रें, तेच ते विनोद, रागाच्या भरांत लिहिलेले दोन शब्द, हें सारें पुढच्या पिढीच्या गळ्यांत बांधण्याचें कारण नाहीं. कोणी आपले निरोप २४ तासांनीं, ७ दिवसांनीं किंवा ९० दिवसांनीं आपोआप पुसले जावेत अशी योजना केली असेल, तर ती त्याची इच्छा समजून पाळावी. चोरून प्रत काढूं नये. आणि स्वतःच्या संभाषणांपैकीं मागें काय ठेवावें, कोणापाशीं ठेवावें, हें ज्यानें त्यानें आपल्या तोंडानें सांगून ठेवावें. सासूबाईंना आम्हीं हें विचारलें असतें, तर मुलाला आणि पुतण्याला समोरासमोर उभें राहावें लागलें नसतें.

मेतकुटाचा निरोप अखेर सांपडला. तो चार मिनिटांचा आहे; त्यांत मधेंच त्या थांबून दूधवाल्याशीं बोलतात, आणि पुन्हां डाळीचें प्रमाण पहिल्यापासून सांगूं लागतात. मीं तो वहींत उतरून घेतला आहे, पण वही उघडण्याऐवजीं ऐकूनच मेतकूट करतें. वाचकांनीं हा लेख मिटल्यावर एवढेंच करावें: घरांतील सर्वांत वडील माणसाजवळ जाऊन बसावें, आणि त्यांच्या मोबाइलवरची ती तारीख त्यांच्यासह पाहावी.